मातृभाषेच्या पायरीवरून : प्रा. हायमेनडॉर्फ आणि मार्लवाईची शाळा

बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागते. तिथून दक्षिणेकडे माणिकगडच्या डोंगररांगा चढत जिवतीच्या पठारावर गेले की महाराष्ट्र संपतो आणि तेलंगणा सुरू होतो. नकाशावर इथे दोन राज्यांची सीमा आहे. पण दोन्ही बाजूंची गोंड गावे एकमेकांशी सोयरीक करतात, केसलापूरच्या नागोबा जत्रेला एकत्र जातात आणि घरात एकच भाषा बोलतात. राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत निझामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तेथून तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. म्हणूनच आदिलाबादच्या जंगलात ऐंशी वर्षांपूर्वी जो शैक्षणिक प्रयोग झाला, तो परक्या मुलखाचा इतिहास नव्हे. तो आपल्याच शेजघरचा इतिहास आहे.

या प्रयोगाचे प्रवर्तक होते प्रा. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. मानववंशशास्त्राच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे, आणि आदिलाबादच्या गोंडांमध्ये ते आजही आदराने घेतले जाते. आपल्या मराठी शाळांमधून मात्र त्यांची ओळख फारशी करून दिली जात नाही. ज्या जिल्ह्यांत एकाच वर्गात गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि झाडीबोली बोलणारी मुले बसतात, तेथील शाळेच्या स्मरणिकेत या माणसाच्या जीवनाचे स्मरण व्हावे, हे सर्वथा उचित आहे.

व्हिएन्ना ते हैदराबाद

हायमेनडॉर्फ यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका सरदार घराण्यात झाला. तरुणपणी रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य वाचून त्यांच्या मनात भारताची ओढ निर्माण झाली. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व यांचा अभ्यास केला, आणि १९३१ साली आसाम व वायव्य ब्रह्मदेशातील डोंगरी समाजांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. पुढे लंडनमध्ये मालिनोव्स्की या नामवंत शास्त्रज्ञाच्या सहवासात त्यांना अभ्यासाची एक नवी रीत लाभली. लोकांमध्ये जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या डोळ्यांनी त्यांचे जग पाहावे, ही ती रीत. १९३६ साली ते नागा टेकड्यांमध्ये गेले आणि कोन्याक नागांमध्ये राहिले. १९३८ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ बर्नार्डो यांच्याशी झाला. सारे त्यांना बेटी म्हणत. पुढील जवळजवळ पन्नास वर्षे या दांपत्याने जंगलातल्या झोपडीतले आणि अभ्यासिकेतले काम बरोबरीने केले.

१९३९ साली ते पुन्हा भारतात आले आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया तोवर जर्मनीत विलीन झाला होता, त्यामुळे हायमेनडॉर्फ कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना अटक झाली, परंतु हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून संशोधन करण्याची मुभा मिळाली. ज्या निर्बंधाने एखादा दुसरा विद्वान खचला असता, त्याच निर्बंधाने यांच्या आयुष्याला दिशा दिली. नल्लमलाच्या जंगलातील चेंचू, गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि मग आदिलाबादचे राजगोंड असा त्यांचा प्रवास झाला.

जमीन आणि अक्षर

आदिलाबादच्या गोंडांची स्थिती त्या काळी बिकट होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन राखीव जंगलात जात होती. जी उरली होती, ती बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या नावावर चढत होती. कोर्टाचा कागद उर्दूत आणि सावकाराची वही मराठीत किंवा तेलुगूत. गोंडाला त्यांतले काहीच वाचता येत नसे. या असंतोषातूनच कुमरम भीम यांचा लढा उभा राहिला. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात ते पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

या उठावाची कारणे शोधण्याचे काम निझाम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. त्यांनी कचेरीत बसून अहवाल लिहिला नाही. उटनूर भागातील मार्लवाई या गोंड गावात हे दांपत्य झोपडी बांधून राहिले. दोघांनीही गोंडी आत्मसात केली. गोत्रांची रचना, देवखेळे, पेरणीचे विधी आणि प्रधान गायकांनी किकरीच्या साथीवर गायिलेल्या कुलकथा त्यांनी टिपून घेतल्या. या अभ्यासातून राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पण ग्रंथापेक्षा मोठी गोष्ट त्यांना तिथे उमगली. जमिनीचा पट्टा हातात दिला, तरी तो वाचता येत नसेल तर तो टिकणार नाही, हे त्यांनी जाणले. म्हणून जमिनीच्या हक्कांबरोबर शिक्षणाचा आग्रह त्यांनी सरकारपुढे धरला. सर विल्फ्रिड ग्रिगसन हे त्या वेळी निझामाच्या मंत्रिमंडळात होते. बस्तरच्या माडियांवर त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला होता आणि मध्य प्रांतातील आदिवासींची सरकारी चौकशीही केली होती. त्यामुळे हा आग्रह त्यांच्या ध्यानात सहज आला.

पाच भाषांच्या जंगलात एक शाळा

शाळा काढायची, पण कोणत्या भाषेत? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. आठवडी बाजारात मराठी आणि तेलुगू चाले. गोंडाच्या घरात गोंडी, कोलामाच्या घरात कोलामी. गोंडांच्या कुलकथा गोंडीत गाणारा प्रधान स्वतःच्या घरी मराठी बोले. बंजारा तांड्यांची बोली आणखी वेगळी. अशा मुलखात शहरातून आलेला मास्तर उर्दू क्रमिक पुस्तक उघडून बसला, तर समोरच्या मुलाच्या कानावर केवळ आवाज पडत. मूल चार दिवस बसे आणि पाचव्या दिवशी गुरे राखायला निघून जाई. मास्तरही जंगलातल्या तापाला आणि एकटेपणाला कंटाळून बदलीची वाट पाही.

हायमेनडॉर्फ यांनी या प्रश्नाचा क्रम उलटा लावला. त्यांनी शाळेआधी शिक्षक घडवायला घेतले. १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. जे काही थोडे गोंड तरुण मोडकेतोडके लिहू-वाचू शकत होते, त्यांना गोळा करून तयार करण्यात आले आणि गोंड गावांमध्ये शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. हे शिक्षक फार शिकलेले नव्हते. परंतु मुलाच्या आजीला नावाने ओळखणारे, पोळ्याला आणि पंडूम सणाला गावातच असणारे असे ते होते. मुलाची भीती घालवायला त्या पहिल्या वर्षी एवढे पुरेसे होते.

दुसरा निर्णय लिपीचा. गोंडीला त्या काळी सर्वमान्य लिपी नव्हती. राज्य उर्दूचे असूनही गोंडी वाचनपाठांसाठी देवनागरी निवडली गेली. यामागे साधा हिशेब होता. त्या भागातील बऱ्याच गोंडांना बाजारामुळे मराठी थोडीफार समजत होती. गोंडी देवनागरीत वाचायला शिकलेल्या मुलाला मराठी वाचताना नवी अक्षरे शिकावी लागणार नव्हती. नवे असतील ते शब्द आणि वाक्ये. एका वेळी एकच अडचण मुलापुढे ठेवायची, हे अध्यापनाचे शहाणपण त्यात होते.

तिसरा निर्णय पायऱ्यांचा. आधी गोंडी, मग मराठी आणि वरच्या टप्प्यावर उर्दू अशी ती चढण होती. गोंडी हा मुक्काम नव्हता. ती पहिली पायरी होती, आणि पहिल्या पायरीवाचून दुसरी चढता येत नाही, इतकेच त्यांचे म्हणणे होते. वाचनपाठांतही गोंड जीवनाशी जुळणारे विषय घेण्यात आले. आपल्या गावाचे, देवांचे आणि रानाचे नाव छापील पानावर पाहणाऱ्या मुलाला शाळा आपली वाटू लागते. ज्या समाजाच्या भाषेची कुणी दखल घेत नव्हते, त्याच समाजाच्या हाती त्याच्याच भाषेतले पुस्तक आले, याचे मोल नुसत्या साक्षरतेच्या आकड्यांनी मोजता येणार नाही.

यात एक गमतीदार विसंगतीही होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले, तेच मुळी इंग्रजीऐवजी भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याच्या अभिमानाने. ती भाषा उर्दू होती. हायमेनडॉर्फ यांनी त्याच विद्यापीठात काही काळ मानववंशशास्त्र शिकवले. शहरातल्या तरुणाला परक्या इंग्रजीचा जो जाच होता, तोच जाच गोंडाच्या लेकराला उर्दूचा होता, एवढी साधी तुलना राज्यकर्त्यांना पटण्यासारखी होती.

शिक्षकांसाठी या प्रयोगाचा अर्थ

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा आहे आणि मराठी आर्य कुळातील. गोंडीत पाण्याला एर म्हणतात, गावाला नार. परंतु फरक फक्त शब्दांचा नाही. गोंडी व्याकरणात साधारणपणे पुरुष एका गटात येतात, आणि स्त्रिया, पशू, झाडे, वस्तू असे उरलेले सारे दुसऱ्या गटात. मराठीत मात्र तो, ती, ते अशी तीन लिंगे, आणि तीही दगडधोंड्यांना लावलेली. पाचवी-सहावीतला गोंड मुलगा मराठी निबंधात झाडाला ती म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या वहीवर लाल रेघ उमटते आणि त्याच्या बुद्धीविषयी शंका घेतली जाते. वस्तुतः तो आपल्या भाषेचा नियम चोख पाळत असतो. त्याची चूक ही त्याच्या ज्ञानाची खूण असते. हे ज्या शिक्षकाला कळले, तो लाल रेघेऐवजी दोन भाषांची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहील, आणि वर्गातल्या मराठी मुलांनाही आपल्या भाषेचे नवल वाटू लागेल.

हे ज्ञान शिक्षकांच्या हाती देण्याचे काम एका मराठी माणसाने केले. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या प्रशासकीय सेवेत होते. आदिलाबादमध्ये काम करताना ते गोंडी आणि कोलामी शिकले. तेथील गोंडांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ साली आणि गोंडी भाषेचे व्याकरण १९५४ साली प्रसिद्ध झाले. मोगल आणि मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने वाचणारा हा अधिकारी गोंडाच्या अंगणात बसून क्रियापदांची रूपे टिपत होता. भाषेत थोरली-धाकटी असा भेद त्याने मानला नाही.

बौद्ध परंपरेला ही दृष्टी नवखी नाही. तथागतांनी आपल्या उपदेशाला प्रतिष्ठित भाषेच्या चौकटीत बांधण्यास नकार दिला आणि लोकांनी तो आपापल्या बोलीत शिकावा, अशी अनुज्ञा दिली, असे विनयपिटक सांगते. ज्ञान माणसाकडे त्याच्या भाषेतून चालत आले पाहिजे, ही शिकवण अडीच हजार वर्षांची आहे. योगायोग असा की, पुढील आयुष्यात हायमेनडॉर्फ नेपाळला गेले आणि तेथील बौद्ध शेर्पा समाजाच्या अभ्यासात वर्षानुवर्षे रमले. शेर्पांवरचा त्यांचा ग्रंथ १९६४ साली प्रकाशित झाला.

मोडलेली पायरी

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. शाळांचे काम काही काळ चालू राहिले. हायमेनडॉर्फ लंडनला परतले आणि तेथील प्राच्यविद्या संस्थेत १९७६ पर्यंत प्राध्यापक राहिले. दरम्यान १९५६ साल उजाडले आणि राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. राजुरा मराठी मुलखात आला. सीमेच्या अलीकडे वरची पायरी मराठीच राहिली. पलीकडे मात्र मराठीच्या जागी तेलुगू आली. गोंडीतून मराठीकडे निघालेल्या मुलांच्या पायाखालची शिडीच बदलली. गोंडीची पहिली पायरी तर दोन्हीकडे नाहीशी होत गेली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली भाषावार राज्ये निर्माण केली, त्याच दुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात, असे ते सांगते. म्हणजे एकाच कायद्याने गोंडांना दोन राज्यांत विभागले आणि त्याच कायद्याने त्यांच्या भाषेला शाळेत स्थान देऊ केले. पहिली तरतूद तत्काळ अमलात आली. दुसरी अजून वाट पाहते आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले, आणि तो कायदा आठव्या इयत्तेपर्यंत लागू आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे तीस लाख नोंदवली गेली. तरीही घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत गोंडीचा समावेश नाही.

१९७० च्या दशकात हायमेनडॉर्फ दांपत्य पुन्हा दीर्घ काळ आदिलाबादमध्ये राहिले. त्यांनी पाहिले ते क्लेशदायक होते. पट्ट्याने मिळालेल्या जमिनी पुन्हा हातातून गेल्या होत्या. शाळांची संख्या वाढली होती, पण अनेक ठिकाणी गोंडी न जाणणारे शिक्षक होते आणि मुले वर्गातून गळत होती. मार्लवाईच्या पहिल्या पिढीतले काही तरुण मात्र शिक्षक आणि कर्मचारी होऊन उभे राहिले होते. वय सत्तरीकडे झुकलेले असतानाही त्यांनी हे सारे नोंदवले आणि भारतातील आदिवासींच्या जगण्याच्या संघर्षावरचा ग्रंथ १९८२ साली जगापुढे ठेवला. योगायोगाने त्याच वर्षी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

त्यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. आदिवासींना वेगळे ठेवण्याचा हा विचार आहे, असे काहींना वाटले. पण गोंडीतून मराठी आणि मराठीतून उर्दू अशी चढण आखणारा माणूस मुलांना जंगलात कोंडू पाहत होता, असे म्हणता येणार नाही. खरी उणीव दुसरी होती. हा प्रयोग एका संस्थानी सरकारच्या कृपेवर आणि मोजक्या अधिकाऱ्यांच्या तळमळीवर उभा होता. ती माणसे गेली, राज्य बदलले आणि पहिली पायरी निखळली. गावाने, पालकांनी आणि शिक्षकांनी जी गोष्ट आपली मानली नाही, ती सरकारी आदेशाने येते आणि सरकारी आदेशानेच जाते. आज गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. तिथे पायरी गावाने घातली आहे.

मार्लवाईची माती

बेटी यांचे निधन जानेवारी १९८७ मध्ये हैदराबाद येथे झाले. त्यांना मार्लवाईच्या भूमीत विसावा देण्यात आला. हायमेनडॉर्फ ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये निवर्तले. पत्नीशेजारी विसावण्याची त्यांची इच्छा होती. पुढे त्यांच्या अस्थीही मार्लवाईला आणल्या गेल्या. दरवर्षी जानेवारीत गोंड बांधव तेथे जमतात आणि त्या समाधींना वंदन करतात. व्हिएन्नाच्या सरदार घराण्यात जन्मलेला माणूस सागवानाच्या रानातल्या एका गोंड गावचा रहिवासी होऊन गेला.

त्यांच्या जीवनातून आपल्या निवासी शाळांनी काय घ्यावे? चौथीपर्यंत गावातल्या शाळेत रमलेले मूल पाचवीला वसतिगृहात येते, तेव्हा एकाच दिवशी त्याचे घर सुटते आणि भाषाही सुटते. शास्त्र, भूगोल आणि गणित यांची कठीण पुस्तके नेमकी त्याच वर्षी सुरू होतात. मूल गप्प होते. त्या गप्प बसण्याला आपण कधी संकोच म्हणतो, कधी मंदपणा. पुष्कळदा ते केवळ भाषांतर करत असते. शिक्षकाने त्याच्या भाषेतले शंभर शब्द शिकावेत, सातवी-आठवीतल्या त्याच भाषेच्या विद्यार्थ्याला त्याचा सोबती करावे, गोंडी-मराठी शब्दांचा तक्ता भिंतीवर लावावा, सुटीत आलेल्या पालकाला वर्गात बोलावून त्याच्या भाषेत एक गोष्ट सांगायला लावावी. यातल्या कशालाही मंजुरीचा आदेश लागत नाही, निधी लागत नाही. आपले माजी विद्यार्थी आज अनेक शाळांत शिक्षक आहेत. त्यांच्यातले कितीतरी स्वतः असेच गप्प बसलेले मूल होते. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून बंधनात पडलेल्या एका विद्वानाने दुसऱ्या समाजाच्या मुलांची भाषा आधी स्वतः शिकली आणि मगच त्यांना शिकवण्याची व्यवस्था उभी केली. हा क्रम ज्या शाळेत पाळला जाईल, तिथे मार्लवाईची पहिली पायरी पुन्हा बसवली जाईल. प्रा. हायमेनडॉर्फ आणि बेटी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.